मदत करायची आहे, पण अंगाशी येऊ नये!

या वेळच्या टपालात शाळा-कॉलेजच्या वाचकांची पत्रं बरीच आहेत. बहुतेकांचा सूर एकच: चांगलं वागायचं मनात आहे, पण नेमकं काय करायचं ते सुचत नाही, आणि केलं की काहीतरी बिनसतं. किशोरवयीन मुलामुलींसोबत काम करणाऱ्या आमच्या समुपदेशकांनी ही उत्तरं दिली आहेत. ओळख पटेल असे तपशील नेहमीप्रमाणे गाळले आहेत.

प्रश्न : माझ्या बेंचवरच्या मैत्रिणीचे बाबा गेले. तेरावं झाल्यावर ती सोमवारी शाळेत येणार आहे. तिच्याशी काय बोलू? काही चुकीचं बोलले तर ती रडेल अशी भीती वाटते. (इयत्ता नववी, कोल्हापूर जिल्हा)

ती रडली तर ते तुझ्या बोलण्यामुळे नसेल, बाबा गेल्यामुळे असेल. त्यामुळे ही भीती आधी बाजूला ठेव. मोठी गडबड होते ती न बोलण्यामुळे. सगळा वर्ग तिच्याकडे चोरून बघतो, ती आत आली की एकदम शांत होतो, आणि तिला वाटतं की आपलंच काहीतरी चुकलंय.

बोलायला दोन वाक्यं पुरे आहेत: "बाबांचं कळलं. खूप वाईट वाटलं गं." एवढं बोलून थांब. ही वाक्यं प्रार्थनेच्या रांगेत नको, शक्यतो वर्गाबाहेर, दोघीच असताना. "देवाची इच्छा", "आता आईला तुलाच सांभाळायचंय", "मला कळतंय तुला काय वाटत असेल" ही वाक्यं टाळ. मोठी माणसं तेरा दिवस तिला तेच ऐकवत आली आहेत, आणि त्यातलं दुसरं वाक्य तर चौदा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर आख्खं घर ठेवतं. "कसे गेले?" हे अजिबात विचारू नकोस. तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल. रडली तर शेजारी बसून राहा, पाण्याची बाटली पुढे कर आणि सात-आठ जणींचा घोळका जमू देऊ नकोस.

आता अभ्यासाचं. सगळ्या विषयांच्या वह्यांचा गठ्ठा पहिल्याच दिवशी तिच्या हातात दिलास तर तिला आणखी दडपण येईल. आधी गणित आणि विज्ञान दे, कारण त्यात मागचं कळलं नाही तर पुढचं अडतं. भाषा आणि समाजशास्त्र आठवडाभराने दिलं तरी चालतं. मोबाइलवर पानांचे फोटो पाठवणार असलीस तर प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात आधी पेन्सिलीने तारीख आणि क्रमांक टाक, नाहीतर तिला चाळीस फोटोंची जुळवाजुळव करत बसावं लागेल. त्यापेक्षा एका विषयाची वही एका संध्याकाळपुरती देणं दोघींना सोपं जातं. "काही लागलं तर सांग" असं मोघम म्हणू नकोस, कारण सहसा कुणी सांगत नाही. "गणिताची वही आज नेतेस की उद्या?" असं विचार.

दोन गोष्टींकडे मुलांचं लक्ष जात नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. पहिली म्हणजे वर्गात "उद्या वडिलांची सही आणा" अशी सूचना येते. बाईंना मधल्या सुट्टीत हळूच सांगून ठेव की "पालकांची सही" म्हणाल का. बहुतेक शिक्षक लगेच ऐकतात, त्यांच्या ते ध्यानात आलेलं नसतं इतकंच. दुसरी म्हणजे "तुझ्या बापाचं काय जातंय" हे आपल्याकडे उठताबसता तोंडात येणारं वाक्य. कधीतरी ते तुझ्याच तोंडून निसटेल. तेव्हा "सॉरी गं" एवढंच म्हणून पुढे बोलायला लाग. पाच मिनिटं माफी मागत बसलीस तर समजूत घालायचं काम उलट तिच्यावर येतं.

ती पहिल्याच आठवड्यात खो खो हसली तर "हिला काही वाटतच नाही" असं कुणी म्हणेल. दुःख सलग नसतं. खरा कठीण काळ पुढे येतो, महिना-दोन महिन्यांनी, बाकीचे विसरलेले असतात तेव्हा. बाबांचा वाढदिवस, घरातली पहिली दिवाळी, पालकसभा, वर्षश्राद्ध या तारखा लक्षात ठेव आणि त्या दिवशी डबा तिच्यासोबत खा. तारखेचा उल्लेख केलाच पाहिजे असं नाही.

प्रश्न : आमच्या शाळेतल्या दहावीच्या एका अंध दादाला बोर्डासाठी लेखनिक हवा आहे. सरांनी मला विचारलंय. मी नववीत आहे, अक्षर चांगलं आहे. पण माझ्यामुळे त्याचे मार्क गेले तर? (सोलापूर)

चांगल्या अक्षराइतकंच इथे शिस्तीलाही महत्त्व आहे. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा असा दंडक आहे, म्हणूनच सरांनी तुला विचारलं. मंडळाची परवानगी शाळेमार्फत घ्यावी लागते. ते काम शाळेचं, पण तुझी कागदपत्रं वेळेत दे.

बोर्डाच्या आधी किमान तीन सराव पेपर दोघांनी मिळून सोडवा, त्यातला एक घड्याळ लावून पूर्ण वेळेचा. त्यात पुढच्या गोष्टी ठरून जातात. प्रश्न वाचताना क्रमांक, गुण आणि "कोणतेही दोन" यांसारखी सूचना गाळायची नाही. आधी पूर्ण प्रश्नपत्रिका एकदा वाचून दाखवायची, मग तो क्रम ठरवेल. तो सांगेल तेच आणि तसंच लिहायचं. त्याचं उत्तर चुकलंय असं तुला वाटलं तरी "नक्की का?" असं विचारायचं नाही, कारण तो प्रश्नसुद्धा इशारा ठरतो. इंग्रजी शब्दाच्या स्पेलिंगबद्दल शंका आली तर त्यालाच विचार. दर अर्ध्या तासाने किती वेळ उरला ते सांग. त्याने थांबायला सांगितलं की लिहिलेलं शेवटचं वाक्य वाचून दाखव, म्हणजे त्याला धागा सापडतो.

अशा परीक्षार्थींना तासाला 20 मिनिटं जादा मिळतात. तीन तासांचा पेपर म्हणजे चार तास सलग लिहायचं आहे. हात दुखतो, तेव्हा घरी तासभर न थांबता लिहायची सवय कर. दोन पेनं एकाच शाईची ने.

आणि त्याला परीक्षेच्या खोलीकडे नेताना हात धरून ओढू नकोस, मागून ढकलू नकोस. तुझं कोपर पुढे कर, तो ते धरेल, आणि तू अर्धं पाऊल पुढे चाल. पायरी आली की "पायरी" एवढंच म्हणून भागत नाही, "वर चढायची" की "खाली उतरायची" तेही सांग. बसताना त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवलास की बाकीचं तो करतो.

मार्कांची भीती वाटते म्हणजे तू हे काम गंभीरपणे घेतोयस. तीन सराव पेपरांनंतरही जमत नाही असं वाटलं तर सरांना तेव्हाच सांग. परीक्षेच्या आदल्या दिवशी माघार घेतलीस तर त्याचं वर्ष अडचणीत येईल.

प्रश्न : वसतिगृहात आमच्या खोलीत खेड्यातून आलेला एक मुलगा आहे. तो "पानी", "कोन" म्हणतो म्हणून सगळे त्याची नक्कल करतात. ग्रुपवर त्याच्या आवाजाची क्लिप टाकून स्टिकरही केलाय. मी हसत नाही, पण काही बोलतही नाही. बोललो तर पुढचा नंबर माझा. (अकरावी, पुणे)

पुढचा नंबर तुझा लागण्याची शक्यता खरी आहे, त्यामुळे शौर्य दाखव असं आम्ही सांगणार नाही. पण गप्प राहणं आणि भांडणं यांच्यामध्ये बरीच जागा आहे.

नक्कल चालू असते तेव्हा नक्कल करणारा त्या मुलाकडे बघतच नसतो, तो इतरांच्या तोंडाकडे बघत असतो. हसणारे चारावरून दोनावर आले की मजा ओसरते. तेव्हा न हसता त्या मुलाला त्याच्या मूळ विषयावरचा साधा प्रश्न विचार. तो पाण्याच्या टाकीबद्दल बोलत असेल तर "मग टँकर कधी येतो तुमच्याकडे?" असा. संभाषण त्याच्याकडे परत जातं आणि तुला कुणाशी वाद घालावा लागत नाही. त्याच्यादेखत "अरे, त्याच्या बोलीत तसंच बोलतात" असं भाषण देऊ नकोस. त्याने तो आणखी उघडा पडतो. त्याने विचारल्याशिवाय त्याचे उच्चारही सुधारू नकोस. विदर्भापासून सोलापूरपर्यंत लाखो लोक तसंच बोलतात आणि त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

त्याच दिवशी, दोघंच असताना, त्याला सांग: "ते क्लिपचं मला आवडलं नाही." मग विचार: "मी काही बोललेलं तुला चालेल का?" हा प्रश्न महत्त्वाचा आहे. काहींना वाटतं बोलल्याने वाढेल, आणि तो अंदाज कधी कधी बरोबर असतो. तो हो म्हणाला तर क्लिप टाकणाऱ्याला ग्रुपवर नको, वैयक्तिक मेसेज कर: "ती क्लिप काढ यार, त्याला त्रास होतोय." ग्रुपवर सुनावलंस की त्याला चारचौघांत माघार घेता येत नाही, मग तो चिडून दुसरी क्लिप टाकतो. एकटा असताना बरीच मुलं काढून टाकतात.

नाही काढली, किंवा नक्कल जातीवर, घरच्या परिस्थितीवर गेली, किंवा तो जेवायला मेसमध्ये यायचं टाळू लागला, तर प्रकरण मित्रामित्रांतलं राहिलेलं नाही. महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. चिडवून मानसिक त्रास देणं त्यात येतं आणि वसतिगृहही येतं. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखांनी सात दिवसांच्या आत चौकशी करायची असते. स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेव, कारण "आम्ही तसं काही केलंच नाही" हे पहिलं उत्तर असतं.

प्रश्न : माझा चौदा वर्षांचा मुलगा बाहेर सगळ्यांचा लाडका. गणपतीत मंडपात रात्रंदिवस राबतो. घरी मात्र आजीवर खेकसतो. तिला कमी ऐकू येतं, श्रवणयंत्र आहे तरी तीच गोष्ट तीनदा सांगावी लागते. (ठाणे)

मंडपात काम केलं की शाबासकी मिळते, आजीशी बोलण्याची कुणी शाबासकी देत नाही. हे त्याचं एकट्याचं नाही, मोठ्यांचंही असंच असतं. पण इथे उपदेशापेक्षा तांत्रिक माहिती जास्त कामाची ठरेल, असा आमचा अनुभव आहे. त्याला हे वाचायला द्या.

म्हातारपणी बहुतेकांचे वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. स, श, फ, थ असे वर्ण निसटतात, स्वर ऐकू येतात. त्यामुळे आजीला आवाज येतो पण शब्द लागत नाही, "सात"चा "हात" होतो. ओरडल्यावर स्वरच मोठे होतात, निसटलेला वर्ण काही परत येत नाही, आणि आजीला फक्त रागावलेला चेहरा दिसतो. म्हणून समोर जाऊन, दोन-तीन फुटांवरून, उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल असं उभं राहायचं. आधी हाक मारायची, तिने बघितलं की बोलायचं. आवाज थोडा खालच्या पट्टीत, वेग कमी. टीव्ही आणि मिक्सर बंद. एकदा कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा म्हणू नये, शब्द बदलावेत: "सात वाजता येतो" कळलं नाही तर "संध्याकाळी, दिवेलागणीला येतो."

यंत्राची जबाबदारी त्याच्याकडे द्या. या वयाच्या मुलांना ती आवडते. बटणासारखी लहान बॅटरी असेल तर तिच्यावरचा चिकट कागद काढल्यावर एक-दोन मिनिटं हवेत ठेवून मग बसवायची. कागद एकदा काढला की ती वापरली नाही तरी उतरत जाते, म्हणून आधीच सगळे कागद काढून ठेवू नयेत. रात्री यंत्र काढल्यावर बॅटरीचं दार उघडं ठेवायचं. कानात बसणारं टोक रोज कोरड्या मऊ कापडाने पुसायचं, कारण तिथे मळ साचला की यंत्र चालू असूनही आवाज येत नाही. यंत्र शिट्टी मारत असेल तर ते नीट बसलेलं नसतं किंवा कानात मळ असतो. मळ काढायचं काम मात्र डॉक्टरांचं, काडीचं नाही.

प्रश्न : मित्र दर वेळी माझं विज्ञानाचं जर्नल मागतो आणि सबमिशनच्या सकाळी परत देतो. नाही म्हटलं तर मी स्वार्थी ठरेन का? (बारावी, नांदेड)

नाही. "जर्नल घरी देत नाही, पण शनिवारी दुपारी लायब्ररीत बसून दोन प्रयोग पूर्ण करू" असं सांग आणि कारणांची यादी देऊ नकोस, कारण प्रत्येक कारणाला तो तोड काढेल. शनिवारी तो आलाच नाही, तर त्याला अभ्यास हवा होता की जर्नल, ते तुला कळेल.

प्रश्न : घटक चाचणीत गणितात 20 पैकी 11 पडले. तेव्हापासून मी स्वतःला सतत शिव्या देते. "तू मठ्ठ आहेस" असं आरशात बघून म्हणते. रात्री एकपर्यंत जागते, चित्रं काढणं बंद केलंय. मैत्रिणींना मी समजावते, स्वतःला नाही जमत. (दहावी, नाशिक)

तुझ्या शेवटच्या वाक्यातच करण्यासारखं काम आहे. एक कागद घे. डावीकडे तू स्वतःला म्हणतेस ते वाक्य जसंच्या तसं लिही. उजवीकडे, शेजारच्या मुलीला 11 पडले असते तर तिला काय म्हणाली असतीस ते. तू तिला "तू फार हुशार आहेस" म्हणाली नसतीस, तिला ते पटलंही नसतं. तू विचारलं असतंस, "कुठे गेले गं मार्क?" तोच प्रश्न स्वतःला विचार. आरशापुढे "मी सर्वोत्तम आहे" वगैरे घोकायला सांगतात, त्यावर आमचा विश्वास नाही. मनाला खोटं लगेच कळतं.

तर पेपर काढ आणि गेलेल्या 9 गुणांपुढे पेन्सिलीने खुणा कर: रीत माहीत होती पण चिन्ह चुकलं, रीतच आली नाही, वेळ संपला, प्रश्न नीट वाचला नाही. चारही चुकांचे उपाय वेगळे आहेत. चिन्हं चुकत असतील तर उदाहरण सोडवल्यावर उत्तर परत समीकरणात घालून पाहायची सवय लागते. रीत येत नसेल तर तो एकच प्रकार सरांना विचारायचा. वेळ संपत असेल तर घड्याळ लावून सराव. "मठ्ठ" या शब्दावर मात्र कुठलाच उपाय नसतो, म्हणून तो शब्द अभ्यासालाही निरुपयोगी आहे.

झोपेबद्दल थोडं कठोर बोलतो. तेरा ते अठरा वयाला रात्री 8 ते 10 तास झोप लागते. दिवसा वाचलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत होतं. एकपर्यंत जागून सहाला उठतेस म्हणजे आधी केलेल्या मेहनतीवर तूच पाणी ओततेस. आज एकदम दहाला झोपायला गेलीस तर झोप येणार नाही. रोज 15 मिनिटं अलीकडे आण आणि सकाळची उठायची वेळ बदलू नकोस. अंथरुणात विचार सुरू झाले तर चार अंक मोजत श्वास घे, सहा अंक मोजत सोड, पाचेक मिनिटं. चक्कर आल्यासारखं वाटलं तर तू फार जोरात श्वास घेतेयस, हळू कर.

चित्रं मार्क मिळाल्यावरचं बक्षीस म्हणून ठेवू नकोस. रोज वीस मिनिटं, जेवणासारखी ठरलेली. दोन आठवडे उलटूनही मन असंच राहिलं, जेवण तुटलं किंवा स्वतःला इजा करावीशी वाटली, तर हे कागद-पेन्सिल बाजूला ठेवून आई-बाबा, शाळेतल्या समुपदेशक किंवा डॉक्टर यांच्यापैकी कुणाला तरी त्याच दिवशी सांग.

प्रश्न : एक मित्र रात्री उशिरा मेसेज करतो, "जगून काय उपयोग", "मी नसलो तर सगळ्यांना बरं". कुणाला सांगणार नाही असं त्याने माझ्याकडून वचन घेतलंय. मी रोज दोन-तीनपर्यंत त्याच्याशी बोलत बसतो. (सतरा वर्षं, नागपूर)

हे वचन मोड, आणि आजच. तो काही दिवस तुझ्यावर रागावेल. रागावलेला मित्र पुढे परत बोलतो.

त्याला सरळ विचार: "तुला मरून जावंसं वाटतंय का? जीव देण्याचा विचार करतोयस का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. उलट कुणीतरी स्पष्ट विचारलं याचा सुटकारा वाटतो. "असं बोलू नकोस", "आईबाबांचा विचार कर" म्हणून वाद घालू नकोस. ऐक, आणि मग सांग: "हे मी एकटा ठेवणार नाही. कुणाला सांगायचं ते आपण दोघं ठरवू. मामा, सर, तुझी ताई, कोण चालेल?" निवड त्याला करू दे, पण सांगायचं की नाही ही निवड नाही. तो नावच घेत नसेल तर तू तुझ्या घरच्या मोठ्या माणसाला सांग आणि त्यांना त्याच्या घरी बोलायला लाव.

त्याने कसं, कधी हे ठरवलंय असं वाटलं तर सकाळची वाट बघू नका. त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच्या घरातल्या मोठ्यांना उठवायचं, 112 ला फोन करायचा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. त्याच्यासाठी तू फोन केलास तरी चालतो. अठराच्या आतल्यांसाठी 1098 ही मुलांची हेल्पलाइन आहे.

आता तुझं. पहाटे तीनपर्यंत जागणं ही मैत्री असली तरी हा उपचार नाही, आणि तू डॉक्टर नाहीस. मोठ्या माणसांना कळल्यावर त्याला सांग: "अकरानंतर मी झोपतो. तेव्हा जीव घाबरला तर ताईला उठव किंवा 14416 लाव. सकाळी सातला मी फोन करतो." आणि सातला खरंच कर. तुलाही हे सगळं कुणाशी तरी बोलायला लागेल. त्यासाठी तोच क्रमांक चालतो.

प्रश्न : दिवाळीत आम्ही मित्र जुनी दप्तरं आणि वह्या गोळा करून वस्तीतल्या मुलांना देणार आहोत. रील केली तर आणखी लोक देतील ना? (दहावी, रत्नागिरी)

रील सामानाची करा, घेणाऱ्या मुलांची नको. दप्तर घेताना टिपलेला चेहरा उद्या त्याच्याच वर्गात फिरतो. आवाहन करायला धुऊन रचलेल्या दप्तरांचा फोटो पुरतो.

गोळा करण्याआधी वस्तीतल्या अंगणवाडी ताईंना किंवा शाळेच्या शिक्षकांना विचारा की नेमकं काय लागतं. दप्तरं भरपूर असतात आणि कंपासपेट्या कमी, असंही होतं. आलेल्या प्रत्येक दप्तराची चेन तीनदा उघडून-लावून बघा आणि पट्ट्याची शिवण ओढून पाहा. उसवली असेल तर चांभाराकडून शिवून घ्या, त्याचे पैसे आधीच वर्गणीत धरा. अर्धवट वह्यांतली कोरी पानं काढून, एकाच मापाची लावून, 100 पानांच्या वह्या बांधून घेता येतात. एकरेघी आणि चौरेघी पानं मिसळू नका. आधीच्या मुलाचं नाव असलेली लेबलं काढून टाका, आणि वाटप तुम्ही रांग लावून करण्याऐवजी शिक्षकांकडे सोपवा.